अर्ध्या आण्याची जागा आणि ओसाकाची बोली : 'याकुझा झीरो'चे परीक्षण

जपानमध्ये घराची आणि जमिनीची जागा अजूनही 'त्सुबो'त सांगतात. एक त्सुबो म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर, आपल्या फुटांत साडेपस्तीस चौरस फूट. सोलापुरात प्लॉटचा व्यवहार गुंठ्यांत बोलला जातो, गुंठ्याचे १६ आणे होतात आणि एक आणा ६८ चौरस फुटांचा येतो. तेव्हा त्सुबो हा अर्ध्या आण्याहून जेमतेम मोठा. दोन तातामी चटया अंथरल्या की भरून जाणाऱ्या एवढ्याशा जागेची मालकी कोणाची, या एका प्रश्नावरून टोकियोतील टोळीचे मोठमोठे म्होरके एकमेकांच्या जिवावर उठतात, हे 'याकुझा झीरो' या व्हिडिओ गेमचे कथाबीज आहे. गेममधली पात्रे त्या जागेला 'कारा नो हितोत्सुबो', म्हणजे 'रिकामी एक त्सुबो', असे म्हणतात. इंग्रजी उपशीर्षकांत तिचे 'एम्प्टी लॉट' झाले आहे. पहिल्यांदा खेळताना मी फक्त खालची इंग्रजी ओळ वाचत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे एखादे कुंपण घातलेले मोकळे मैदान होते. जपानीच्या वर्गात मापांचा धडा आल्यावर 'हितोत्सुबो' हा शब्द कानाने ओळखला आणि त्या दिवशी संपूर्ण कथेचा आकारच माझ्यापुरता बदलला. अर्ध्या आण्यासाठी माणसे मरत आहेत, ही गोष्ट इंग्रजीतून मला कळलीच नव्हती.

या परीक्षणात मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की हा गेम मराठी माणसाने कानांनी खेळावा. इंग्रजी ओळी डोळ्यांखाली असू द्याव्यात, पण विश्वास कानावर ठेवावा, कारण जपानी आणि मराठी यांच्यामध्ये इंग्रजी हा फार लांबचा वळसा आहे.

आधी गेमची ओळख. सेगा या जपानी कंपनीच्या 'र्यू गा गोतोकू' या मालिकेतील हा भाग जपानमध्ये मार्च २०१५ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि ४ साठी आला, इंग्रजी उपशीर्षकांसह जानेवारी २०१७ मध्ये जगभर पोहोचला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकावर उपलब्ध झाला. मालिकेचा पहिला भाग २००५ चा; 'झीरो' हा त्याच्या आधीची कथा सांगणारा, त्यामुळे मालिकेशी ओळख नसलेल्यानेही इथूनच सुरुवात करावी. काळ डिसेंबर १९८८ चा. नायक दोन आहेत : टोकियोच्या कामुरोचो या वस्तीत वसुलीची कामे करणारा वीस वर्षांचा किर्यू काझुमा, आणि ओसाकाच्या सोतेनबोरी या वस्तीत एका मोठ्या कॅबरेचा व्यवस्थापक म्हणून नजरकैदेत असल्यासारखा जगणारा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला माजिमा गोरो. कामुरोचो ही शिंजुकूमधल्या काबुकिचोची आणि सोतेनबोरी ही ओसाकाच्या दोतोनबोरीची प्रतिकृती. एकूण १७ प्रकरणे आहेत आणि दोन-दोन प्रकरणांनी कथा एका नायकाकडून दुसऱ्याकडे जाते. मी संगणकावरची आवृत्ती सवलतीच्या दिवसांत घेतली. माझा संगणक जुना आहे, तरीही काही अडचण आली नाही.

मालिकेच्या नावापासूनच भाषेचा प्रश्न सुरू होतो. 'याकुझा', म्हणजे जपानी टोळ्यांतले गुंड, हा शब्द मुळात पत्त्यांच्या एका जुगारातला आहे. आठ, नऊ आणि तीन अशी पाने आली की बेरीज वीस होते, शेवटचा आकडा शून्य धरला जातो आणि डाव वाया जातो. या तीन आकड्यांच्या उच्चारांतून 'या-कु-झा' बनले. म्हणजे कवडीमोलाचा, डावातून गेलेला माणूस. परंतु जपानीत या मालिकेचे नाव वेगळे आहे. 'र्यू गा गोतोकू' याचा अर्थ 'ड्रॅगनासारखा', आणि त्यातील 'गोतोकू' हा शब्द आज कोणी रोजच्या बोलण्यात वापरत नाही, तो जुन्या ग्रंथांच्या भाषेतला आहे. मराठीत त्याच्या वजनाचा शब्द शोधायचा तर ओवीतल्या 'जैसा'पर्यंत मागे जावे लागेल. एका बाजूला वाया गेलेला डाव आणि दुसऱ्या बाजूला ओवीच्या चालीतली उपमा, असे हे दोन टोकांचे अर्थ आहेत. इंग्रजीने पहिले टोक उचलले आणि अनेक वर्षांनी, २०२२ पासून, मालिकेचे इंग्रजी नावही 'लाइक अ ड्रॅगन' असे करण्यात आले.

माझा टेरी टॉवेलचा व्यवसाय आहे. जपानमध्ये इमाबारी हे टॉवेलचे गाव आहे, तिथल्या मालाची माहिती मूळ भाषेत वाचता यावी म्हणून मी जपानी शिकू लागलो आणि सध्या परीक्षेच्या एन-४ या पातळीची तयारी करतो आहे. शिकताना वारंवार एक अनुभव आला. इंग्रजीतल्या पाठ्यपुस्तकाने दोन पाने खर्चून समजावलेला नियम मराठीत आणून पाहिला की तो नियम उरतच नाही, आपले रोजचे बोलणे होते. वाक्याच्या शेवटी 'का' लावला की जपानीत प्रश्न होतो, 'किमासु का' म्हणजे 'येता का'. मराठीला हे शिकवावे लागत नाही. 'ताबेते मिरु' याचा शब्दशः अर्थ 'खाऊन बघणे', आणि आपणही नवा पदार्थ 'खाऊन बघ' असेच म्हणतो, जरी त्यात डोळ्यांचा काही संबंध नसला तरी. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे 'खाऊन टाकले', तोच निकाल लावल्याचा भाव. 'कात्ते ओकु' म्हणजे 'घेऊन ठेवणे', पुढची सोय म्हणून. 'मोत्ते कुरु' म्हणजे 'घेऊन येणे', 'मोत्ते इकु' म्हणजे 'घेऊन जाणे'. इंग्रजीत या प्रत्येकासाठी वेगळी कसरत करावी लागते आणि तरीही 'टाकले' आणि 'ठेवले' यांतला फरक हातातून निसटतो.

सर्वांत जास्त आनंद मला घराबाहेर पडताना म्हणायच्या शब्दांनी दिला. जपानी माणूस घरातून निघताना 'इत्ते किमासु' म्हणतो. शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. घरातला माणूस त्यावर 'इत्तेराश्शाइ' म्हणतो, अर्थ 'जाऊन या'. माझ्या आजीने मला उभ्या आयुष्यात 'जातो' म्हणू दिले नाही. उंबऱ्यावर 'येतो' हाच शब्द. इंग्रजी पुस्तकाने हे वाक्य 'आय ॲम लीव्हिंग' असे दिले होते, म्हणजे नेमका तो शब्द, जो आमच्या आणि त्यांच्याही घरात उंबऱ्यावर उच्चारत नाहीत.

उच्चारांचेही तसेच. 'त्सुबो', 'त्सुनामी' यांतला पहिला आवाज इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्याला कष्टाने साधावा लागतो. मराठी माणसाकडे तो जन्मापासून आहे, 'चूल' आणि 'चाक' यांतला दंत्य च. आमच्या वर्गातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर 'चूल' लिहून हा प्रश्न निकालात काढला. जपानी अक्षरांचा क्रमही आपल्या वर्णमालेवरून गेला आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून 'अ, इ, उ, ए, ओ' हे स्वर आणि 'क, स, त, न, ह, म, य, र, व' ही व्यंजनांची ओळ आली. मधला 'ह' खटकतो खरा, परंतु तो पूर्वी 'प' असा उच्चारला जात असे, आणि तिथे प ठेवून पाहिला की कंठापासून ओठांपर्यंतची आपली ओळखीची वाट दिसू लागते.

आता हे सारे गेममध्ये कुठे भेटते ते सांगतो. माजिमाच्या प्रवेशाचा प्रसंग या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. कॅबरेत एक ग्राहक दारूच्या नशेत तिथल्या मुलीला त्रास देतो, आरडाओरडा करतो. माजिमा येतो, हातही उगारत नाही, आणि अत्यंत आदराच्या भाषेत बोलत त्या माणसाला सर्वांसमोर गारद करतो. ग्राहकाशी बोलताना त्याच्या तोंडी आदरार्थी जपानी आहे, जिच्यात क्रियापदेसुद्धा बदलतात, आपण 'बसा'च्या जागी 'विराजमान व्हावे' म्हणू त्याप्रमाणे. पुढे एकटा असताना किंवा आपल्या माणसांत बोलताना तो ओसाकाच्या बोलीवर येतो. स्वतःला 'वाशि' म्हणतो, 'नाही चालणार' यासाठी 'आकान' म्हणतो, 'खरंच' यासाठी 'होन्मा' म्हणतो. एकाच माणसाच्या तोंडी पाच मिनिटांच्या अंतराने दोन भाषा येतात, आणि या दोन भाषांमधल्या फटीत त्याचे सगळे दुःख आहे : वर झुळझुळीत कोट, आत कोंडून घातलेला माणूस. उपशीर्षकांत दोन्हीकडे इंग्रजीच आहे. एकीकडे थोडी सभ्य, दुसरीकडे थोडी रांगडी, पण फट दिसत नाही.

माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. एका रविवारी तो शेजारी बसला होता आणि माजिमा कोणाला तरी 'नानि शितेन्नेन' असे म्हणाला. प्रमाण जपानीत हेच 'नानि ओ शिते इरु नो' असे काहीसे झाले असते. भाच्याला जपानी येत नाही. तो स्वर ऐकून तो ताबडतोब म्हणाला, "मामा, हे 'काय करलालास बे' आहे." त्याने अगदी बरोबर ओळखले होते. अर्थ तर तोच होता, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यामागचा माणूसही तोच होता.

सोलापूरकराला हे कळते, त्यामागे कारण आहे. आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चार भाषा एकाच गल्लीत नांदतात. पूर्व भागातल्या मागांवर तेलुगू, बाजारात कन्नड, रिक्षात दख्खनी आणि सगळ्यांच्या तोंडी ती 'बे'वाली मराठी. पुण्यात शिकायला गेलेल्या आमच्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यातच 'तू सोलापूरचा का' हा प्रश्न ऐकावा लागतो. त्यानंतर काही मुले 'बे' गिळायला शिकतात आणि हुतात्मा एक्सप्रेसने परत येताना, गाडी कुर्डुवाडीच्या पुढे आली की, तो शब्द आपोआप परत येतो. ओसाका आणि टोकियो यांच्यातही हेच नाते आहे. टोकियोची बोली ही पुस्तकाची, बातम्यांची. ओसाकाची बोली ही व्यापाऱ्यांची, विनोदाची, बाजाराची. ओसाकाही आपल्यासारखेच गिरणगाव होते, १८८३ मध्ये तिथे सूतगिरणी सुरू झाली आणि पुढे त्या शहराला 'पूर्वेचे मँचेस्टर' म्हणू लागले. १८९३ पासून मुंबई ते कोबे अशी कापसाची जहाजे जात होती. 'क्योटो कपड्यांपायी बुडते आणि ओसाका खाण्यापायी', अशी तिकडे म्हण आहे. गेममध्ये सोतेनबोरीच्या कालव्याच्या दोन्ही बाजूंनी चालताना ती म्हण खरी वाटते, कारण दर चार पावलांवर खाण्याचे दुकान आहे, प्रत्येकाचा स्वतंत्र मेनू आहे आणि प्रत्येक पदार्थाची ओळख करून दिलेली आहे.

नात्यांच्या हाकांबद्दलही लिहिले पाहिजे. किर्यू आणि त्याचा मित्र निशिकियामा एकमेकांचे 'क्योदाइ' आहेत, ज्या मोठ्या माणसाने त्यांना वाढवले त्याला किर्यू 'ओयास्सान' म्हणतो, वरच्याला 'आनिकी' म्हणतात. इंग्रजीत यांतले पुष्कळसे नुसत्या नावावर किंवा 'ब्रदर'वर येऊन थांबते. मराठीत शब्दाला शब्द आहे : साकेचा प्याला वाटून घेऊन झालेला 'क्योदाइ' म्हणजे मानलेला भाऊ, 'आनिकी' म्हणजे दादा, आणि आपल्याकडे 'दादा' शब्दाला जे दोन अर्थ आहेत, घरातला आणि गल्लीतला, ते दोन्ही त्यात जसेच्या तसे आहेत. रक्ताचे नसलेले नाते रक्ताच्या नावाने हाक मारून पक्के करायचे, ही रीत आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. पैशांचेही असेच. गेममध्ये रकमा 'मान' आणि 'ओकु' यांत बोलल्या जातात. मान म्हणजे दहा हजार, ओकु म्हणजे दहा कोटी. लाख-कोटींत विचार करणाऱ्याला मिलियनच्या पुलावरून न जाता थेट पलीकडे उतरता येते.

मात्र इथे एक इशारा द्यायला हवा. गेममधली जपानी ही गुंडांची जपानी आहे. 'ओरे' (रांगडा 'मी'), 'ओमाए' आणि 'तेमे' (उद्धट 'तू') हे शब्द त्यात श्वासाइतक्या वेळा येतात आणि कानाला गोड लागतात. वर्गातल्या मुलाखतीच्या सरावात माझ्या तोंडून 'वाताशि' या सभ्य 'मी'च्या जागी 'ओरे' निघून गेले. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही हे कुठे ऐकलंत?" मी खरे ते सांगितले. त्यांनी गेम खेळू नका असे म्हटले नाही. त्यांनी मला वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ मारायला लावली आणि डावीकडे गेममध्ये ऐकलेले वाक्य, उजवीकडे तेच वाक्य एखाद्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला बोलायचे असेल तर कसे होईल, असे लिहून आणायला सांगितले. चार महिन्यांत ती वही भरली. आदरार्थी रूपांचा जो धडा मला दोनदा वाचूनही कळला नव्हता, तो या वहीमुळे कळला. गेम घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अशी वही ठेवावी.

मारामारीबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक नायकाच्या लढण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत, मार बसला की माणसाच्या अंगातून नोटा उडतात, आणि तो काळ पाहता ती कल्पना समर्पक आहे. सुरुवातीला मजा येते, पन्नासाव्या वेळी येत नाही.

गेमचा खरा जीव त्याच्या शंभर उपकथांत आहे. त्यांतली एक मी तीनदा खेळलो. एका शाळकरी मुलाने रांगेत उभे राहून नवा व्हिडिओ गेम विकत घेतलेला असतो आणि दुकानाबाहेर पडताच कोणीतरी तो हिसकावून नेतो. किर्यू चोराच्या मागे धावतो, तर चोराकडून तो दुसऱ्यानेच लुबाडलेला. त्याच्यापुढे आणखी एक. असा हातोहाती गेलेला तो गेम शेवटी एका मध्यमवयीन माणसाकडे सापडतो, आणि हा माणूस त्या मुलाचाच बाप निघतो. कामापायी घरी वेळ देता न आलेल्या या बापाला मुलासाठी तो गेम हवा होता. या कथेच्या मागे खरी घटना आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हा गेम जपानमध्ये विक्रीला आला तेव्हा दुकानांबाहेर प्रचंड रांगा लागल्या, शेकडो मुले शाळा बुडवून रांगेत उभी असल्याने पोलिसांनी ती पकडली आणि मुलांच्या हातातून गेम हिसकावण्याचे प्रकारही घडले. आपल्याकडे व्हिडिओ गेमविषयी घरात जी तक्रार होते, तीच तक्रार जपानी घरांत त्या वर्षी होती. गेम बनवणाऱ्यांनी त्या तक्रारीची बाजू घेतली नाही आणि मुलाचीही घेतली नाही. त्यांनी बापाला रस्त्यावर उभे केले आणि त्याच्या हातात ती प्लॅस्टिकची डबी दिली. घरी जाताना दोघे बरोबर चालत जातात, एवढेच दृश्य आहे. माझ्या वडिलांनी मला मंगळवार बाजारातून आणून दिलेला, नुसतेच ठोकळे रचायचा हातातला गेम मला त्या क्षणी आठवला.

याच रस्त्यांवर सेगाची गेम पार्लर आहेत आणि तिथे 'आउट रन', 'स्पेस हॅरियर', 'फँटसी झोन' आणि 'सुपर हँग-ऑन' ही १९८५ ते १९८७ या काळातली यंत्रे चालू स्थितीत उभी आहेत. नाणे टाकून ती पूर्ण खेळता येतात. स्वतःचा इतिहास असा हाताळता येईल अशा रूपात जपणे मला फार मोलाचे वाटते.

आता न पटलेल्या गोष्टी. गेम सज्ञानांसाठीच आहे आणि हा नियम पाळला पाहिजे, कारण हिंसेखेरीज त्यात टेलिफोन क्लब (अनोळखी स्त्रियांशी फोनवर बोलण्याच्या जागा) आणि तत्सम करमणुकीचा भाग बराच आहे, ज्यात स्त्रिया म्हणजे पुरुषांच्या मौजेचे सामान एवढेच उरते. कथेच्या केंद्रस्थानी असलेली माकोतो ही अंध तरुणी उत्तम लिहिली आहे, तिचा आवाजही मनात राहतो, तरी बहुतेक वेळ तिला एका पुरुषाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात नेले जाते. इतक्या बारकाईने माणसे पाहणाऱ्या लेखकांकडून ही अपेक्षा नव्हती. जमिनी विकत घेण्याचा आणि कॅबरे चालवण्याचा जोडखेळही लांबत जातो; मी तो अर्ध्यात सोडला.

दुसरी उणीव काळाच्या चित्रणातली. गेमचा डिसेंबर १९८८ म्हणजे जपानच्या फुगलेल्या अर्थव्यवस्थेचा काळ. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन वधारला, व्याजदर खाली आले, कर्ज स्वस्त झाले आणि सगळा पैसा जमिनीत आणि शेअरांत गेला. २९ डिसेंबर १९८९ रोजी जपानी शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला आणि त्या उंचीच्या वर पुन्हा जायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. जमिनी रिकाम्या करून घेणारे 'जिआगेया' हे त्या काळातले खरेच लोक होते आणि गेमने ते नेमके पकडले आहेत. पण १९८८ च्याच सप्टेंबरात सम्राट हिरोहितो अत्यवस्थ झाले होते. ७ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत देशभर उत्सव रद्द होत होते आणि जाहिरातींतला उल्हाससुद्धा काढून टाकला जात होता. या स्वयंसंयमाला जपानीत 'जिशुकु' म्हणतात. गेमच्या झगमगत्या रस्त्यांवर त्या सावलीचा मागमूस मला जाणवला नाही.

युद्धाची सावली मात्र आहे, आणि सोलापूरकर म्हणून मला तिच्याविषयी बोलणे भाग आहे. कथेतल्या एका महत्त्वाच्या पात्राची मुळे चीनमध्ये आहेत. १९४५ च्या पराभवानंतर जी जपानी मुले चीनमध्ये मागे राहिली आणि तिथेच वाढली, त्यांच्या पिढीशी त्याचे नाते आहे. जपानमध्ये परतल्यावर अशा कुटुंबांना परकेच मानले गेले. गेम हे स्पष्टपणे दाखवतो, सहानुभूतीने दाखवतो. पण ती जपानी माणसे मुळात चीनमध्ये का होती, या प्रश्नावर तो थबकतो. आमच्या शहरात त्या प्रश्नाचे उत्तर एका घरात आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेले, आघाडीजवळ जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्या सोलापुरातल्या घरात आता स्मारक आहे. मी जपानी शिकतो आहे असे कळल्यावर शेजारच्या एका वृद्ध काकांनी मला विचारले, "कोटणीसांच्या गावात राहून जपानी शिकतोस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. मी त्या संध्याकाळी स्मारकात जाऊन आलो आणि परत येऊन गेमचे तेच प्रकरण पुन्हा खेळलो. ते पात्र आपले बालपण सांगत असताना या वेळी मला त्याच्या मागे डॉक्टरांचे तंबू दिसत होते. जपानी शिकणे मी थांबवलेले नाही. काकांना मी सांगितले की ज्यांच्याविरुद्ध कोटणीसांना लढावे लागले, त्यांची नातवंडे आज या विषयावर काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, हे मला त्यांच्याच भाषेत ऐकायचे आहे. काका म्हणाले, "मग नीट शीक."

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या 'स्विच २' या गेमयंत्रासाठी या गेमची 'डायरेक्टर्स कट' ही सुधारित आवृत्ती आली, तिच्यात इंग्रजी आवाजांचीही सोय आहे. कोणतीही आवृत्ती घेतली तरी आवाज जपानीच ठेवावा. पहिली दोन प्रकरणे संथ आहेत, तिथे गेम सोडू नये. माजिमा तिसऱ्या प्रकरणात येतो. जुन्या आवृत्तीत प्रगती जतन करायची तर रस्त्यावरचा टेलिफोन बूथ गाठावा लागतो आणि एका लांबलेल्या प्रकरणाच्या मध्यावर आमच्या भागातली वीज गेली तेव्हा माझा दीड तासाचा खेळ पुसला गेला. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी पुढे काय होते याची कितीही उत्सुकता असली तरी, बूथ दिसला की आधी आत शिरून 'सेव्ह' करून ठेवावे. जपानीत 'शिते ओकु'.